भरलेल्या बादलीचा आवाज

देवयानी टीचरच्या नवऱ्याला झोप लागायला लागली आणि त्या दिवसापासून मल्याळम साहित्याचं नुकसान सुरू झालं, असं सेतुमाधवनचं म्हणणं होतं. हे तो तिच्याच ओसरीवर बसून, तिनेच केलेला कोरा चहा पीत म्हणायचा. वर साखर कमी आहे हेही सांगायचा.

सेतुमाधवन पट्टांबीच्या कॉलेजात शिकवायचा आणि ‘अंधबिंदू’ नावाचं मासिक काढायचा. मासिक म्हणायचं एवढंच, निघायचं ते सवड झाली की. दाढी, जाड चष्मा, खांद्याला झोळी. झोळीत अच्युतनच्या जुन्या कथांचं एक पार खिळखिळं झालेलं पुस्तक कायम असे. अच्युतन म्हणजे देवयानीचा नवरा. पण सेतूच्या लेखी ही त्याची दुय्यम ओळख होती.

अच्युतनने त्या कथा दिल्लीत लिहिल्या होत्या. दिवसा सरकारी कचेरीत फायली सरकवायच्या आणि संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत लिहायचं. कथांमधल्या शहराला नाव नसे, माणसाला नाव नसे. तो माणूस आरशात बघायचा तर आरसा रिकामा. जिन्यावरून खाली उतरायचा तर पुन्हा त्याच मजल्यावर. अधूनमधून एक बाई यायची, तिला नाव तर नसेच, चेहराही नसे. या कथा गावाकडे पोचल्या आणि नदीकाठच्या पोरांनी दाढ्या वाढवल्या. ज्या गावात कुणाची गाय कधी विणार हे ताडीच्या दुकानापासून देवळापर्यंत सगळ्यांना ठाऊक, त्या गावात पोरं म्हणायला लागली, “मला इथं कुणी ओळखत नाही.”

मग आजार आला. किंवा तो आधीपासूनच होता आणि सगळे त्याला प्रतिभा म्हणत होते. काही आठवडे अच्युतन झोपायचाच नाही, लिहीत सुटायचा, अनोळखी माणसांना जेवायला घेऊन यायचा. मग कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडायचा. नोकरी गेली, दोघं गावी आले. देवयानीला हायस्कुलात पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवायची नोकरी मिळाली. आणि एका भर उन्हाळ्यातल्या दुपारी, भारतप्पुळा नदीचं पात्र नुसती वाळू झालेलं असताना, अच्युतन त्या वाळूत मधोमध जाऊन उताणा पडला. सूर्य कलेपर्यंत पडून होता. वाळू काढणाऱ्यांनी उचलून आणला तेव्हा पाठीची सालं निघाली होती.

‘अंधबिंदू’ने त्या वाळूवर विशेषांक काढला. मुखपृष्ठावर वाळू. सेतू आणि त्याचे दोन शिष्य त्या जागी झोपून अनुभव घ्यायला म्हणून गेले. चटके बसले तसे डोक्यावर टॉवेल घेऊन पळत परत आले आणि मोइदूच्या दुकानात लिंबूसोडा प्यायले. विशेषांकात याचा उल्लेख नव्हता.

त्रिचूरच्या डॉक्टर इट्टूपांनी गोळ्या सुरू केल्या. देवयानीने पाकिटावरचं नाव वाचलं आणि तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, तिला हसू आलं. लिथियम. आवर्तसारणीतलं तिसरं घर. धातूंमधला सगळ्यांत हलका, पाण्यावर तरंगणारा, ज्योतीत धरला की कुंकवासारखा लाल. दरवर्षी ती हे नववीच्या वर्गाला सांगायची. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याचा कणही नसल्यामुळे लाल ज्योत मुलांना नुसती कल्पनेने बघावी लागे. एवढा मोठा अंधार, त्यावर एवढी जाडजूड चर्चा, आणि उतारा काय, तर एक क्षार. बटाट्यावर घालतो त्या मिठाचा चुलतभाऊ.

उतारा फुकट नव्हता. दर थोड्या दिवसांनी त्रिचूरला जाऊन रक्त तपासायचं. हाताला कंप. पोट सुटलं. आणि तहान. अच्युतनला सारखी तहान लागायची. तो तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा आणि विहिरीवर जाऊन पुन्हा काढायचा. पण तो झोपायचा. भिंत ऐकते आहे असं म्हणणं त्याने थांबवलं. बाजारात जाऊन मत्तीच्या भावावरून कोळणीशी भांडून आला तेव्हा देवयानीने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. नवऱ्याला माशाचा भाव समजतो यात रडण्यासारखं काय आहे, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं.

लिहिणं मात्र बंद होतं. तेच सेतूचं दुखणं.

“अच्युतेट्टा,” तो ओसरीवर थोरल्यांना लावायचा तो ‘एट्टा’ लावून म्हणाला, “महिनाभर सोडा ना त्या गोळ्या. एक कथा द्या. मग हवं तर परत चालू करा. कुणी नको म्हटलंय?”

“आणि पुन्हा वाळूत जाऊन पडले तर?” देवयानीने आतून विचारलं.

“टीचर, मी असेन ना सोबत.”

“तू मागच्या खेपेला लिंबूसोडा पीत होतास.”

अच्युतनने तांब्या उचलला. पाणी प्यायला. त्याचं ते गप्प राहणं देवयानीला आवडलं नाही. ‘नाही’ म्हणणारा माणूस आणि गप्प बसणारा माणूस यांतला फरक ती शाळेत रोज बघत होती.

त्याच आठवड्यात तो लिहायला बसला. गोळ्या चालू असताना, थरथरत्या हाताने, शाळेतल्या पोरासारखं मोठ्या अक्षरात. पानं तिला दाखवली नाहीत. चार-पाच दिवसांनी जेवताना म्हणाला, “वाचनालयाच्या वर्धापनदिनाला वाचणार आहे.”

“वाचा की.”

“देवयानी, एक ठरवलंय.” त्याने भाताच्या कंजीतला चमचा खाली ठेवला. “कथा उभी राहिली तर गोळ्या चालू. पडली तर मी सोडणार. मग जे व्हायचं ते होईल. मला नुसतं मासे घेणारा माणूस म्हणून जगता येणार नाही.”

“एट्टा, ही काय पैज आहे? तुमच्या रक्ताचा निकाल गावच्या वाचनालयात लागणार?”

“दुसरीकडे कुठे लावू?”

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते आवर्तसारणीत बसणारं नव्हतं. तिने ताटं उचलली. नेहमीसारखी गोळी त्याच्या तळव्यावर ठेवली आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

वर्धापनदिनाला वाचनालयाच्या अंगणात मांडव घातला होता. कर्णा लावला होता. त्या भागात कथा नुसती वाचून सुटका नसते. आधी स्वागत, मग अध्यक्षांचं भाषण, मग कथा, मग चर्चा, मग उत्तर, मग आभार, आणि चर्चेत जो तो उठून बोलणार. कथा न कळणं हा तिथे गुन्हा नव्हता, न कळल्याचं कबूल करणं हा होता. त्यामुळे अच्युतनच्या जुन्या कथांवर तिथे वर्षानुवर्षं फार खोल चर्चा झाल्या होत्या.

वाचनालयाचे सचिव चाप्पुण्णि नायर, निवृत्त पोस्टमास्तर, हे एकटे गुन्हेगार. “अच्युता, मला काय ती कळली नाही बाबा,” असं ते दरवेळी उघड सांगायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या खुर्चीत बसायचे.

देवयानी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसली. अच्युतन उभा राहिला. हातातली पानं थरथरत होती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “बघ, आतून कसा हललाय!” देवयानीच्या मनात आलं, डोस जरा जास्त झालाय का, डॉक्टरांना विचारायला हवं.

कथा अशी होती. एक माणूस दिवसभर घरी बसून आहे. त्याला तहान लागली आहे. संध्याकाळी त्याची बायको कार्त्यायनी शाळेतून येते. तिच्या बोटांना खडू लागलेला आहे. पेला हातात घेण्याआधी ती बोटांवर फुंकर मारते. ती विहिरीवर पाणी काढते. कप्पी कुरकुरते, त्यावर एक सुभाषितासारखं वाक्य आहे. ती म्हणते, तेल घालायला हवं. तो म्हणतो, उद्या घालतो. तो पाणी पितो. ती विचारते, आणखी? तो म्हणतो, हो.

संपली.

देवयानीने आपली बोटं पदराखाली घेतली. फुंकर मारायची सवय आपल्याला आहे हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या बिनचेहऱ्याच्या बाईकडे बघत ती संसार करत आली होती. आज त्या बाईला नाव होतं, बोटं होती, बोटांवर खडू होता. आणि या गोष्टीवर आता मतं घेतली जाणार होती.

मांडवात कुणी हलेना. लोक कथेचा उरलेला भाग येण्याची वाट बघत होते. अच्युतनने तिच्याकडे पाहिलं. तो पडलेला चेहरा तिने ओळखला. वाळूत जाण्याच्या आदल्या दिवशी तो असाच दिसत होता.

कामगार संघटनेचे कॉम्रेड प्रभाकरन उठले. “विहिरीची मालकी कुणाची, हे कथा सांगत नाही. पाणी कोण काढतं? बाई. पितं कोण? पुरुष. लेखकाने आपली बाजू स्पष्ट करावी.” आणि बसले.

मग सेतुमाधवन उठला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मित्रांनो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, “आपण एका परतीचे साक्षीदार आहोत. आरसा गेला, जिना गेला, शहर गेलं. आता उरली आहे फक्त तहान. कोणती तहान? जी पाण्याने भागत नाही. ‘आणखी?’ ‘हो.’ यापलीकडे भाषा जात नाही. आणि ते वाक्य आठवा: ‘रिकामी बादली खाली जाताना कप्पी रडते, भरलेली वर येताना गप्प असते.’ रिकामेपण रडतं, परिपूर्णता मुकी असते!”

टाळ्या पडल्या. आता सगळ्यांनाच कळली. एकाने बादलीत गर्भाशय पाहिला, दुसऱ्याने विहिरीत दिल्ली. कप्पी म्हणजे काळ यावर दोघांचं एकमत झालं. अच्युतनचा चेहरा हळूहळू वर येत होता. देवयानीचा श्वास मोकळा झाला. कसंही का होईना, उभी राहिली. उद्या गोळी, परवा गोळी. लोकांना बादलीत काय दिसायचं ते दिसू दे.

पण सेतू बसला नव्हता. “आणि एक गोष्ट मी जाहीरपणे बोलणार आहे. मधल्या काळात अच्युतेट्टांना गोळ्या घालून झोपवण्यात आलं होतं. ही कथा ऐकली आणि मी ओळखलं. अच्युतेट्टा, तुम्ही गोळ्या सोडल्यात. गोळी घेणाऱ्या माणसाला अशी तहान लागूच शकत नाही!”

यावेळी टाळ्या थांबेनात. अच्युतन माइकसमोर उभा होता. ‘नाही’ म्हणायला त्याला एक शब्द पुरे होता. तो त्याने उच्चारला नाही. ओठांवर एक छोटंसं हसू आलं, आणि ते हसू देवयानीच्या ओळखीचं होतं. दिल्लीच्या गच्चीवरचं. लोक मला जो समजतात तो मी होऊन बघतो, असं ते हसू होतं.

ती उठली. बायकांच्या बाजूने चर्चेत कुणी उठत नसे, म्हणून अध्यक्षांना आधी वाटलं ती चहाचं बघायला निघाली. ती माइकपाशी आली.

“सेतुमाधवन, ती तहान गोळीचीच आहे,” ती म्हणाली. वर्गात बोलायची तसाच आवाज. “लिथियम घेतलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही. मग माणसाला सारखं पाणी प्यावं लागतं. हात थरथरतो तेही त्यानेच. यांनी एकही गोळी चुकवलेली नाही. मी रोज समोर उभी राहून देते.”

बोलून झालं आणि मग तिच्या लक्षात आलं. नवऱ्याचं औषध तिने साऱ्या पंचक्रोशीत जाहीर केलं होतं, तेही कर्ण्यावरून. रस्त्यापलीकडच्या मोइदूच्या दुकानातही ऐकू गेलं असणार. अच्युतनकडे बघायचं तिला धाडस होईना.

सेतूचं तोंड उघडं होतं. ते त्याने मिटलं, आणि मग त्याच्या डोळ्यांत हळूहळू उजेड आला.

“म्हणजे...” तो म्हणाला, “म्हणजे ही तहान आत्म्याची नाही. पदार्थाची आहे! धातूची तहान! मित्रांनो, हे तर त्याच्याही पुढचं आहे!”

तेव्हा अच्युतन हसला. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग पानं तोंडावर धरून. कर्ण्यातून ते हसणं नदीपर्यंत गेलं असेल. त्याला असं हसताना पाहून मागची पोरंही हसायला लागली, कारण तेही अभिप्रेत असावं असं त्यांना वाटलं. “पाणी द्या रे कुणीतरी,” तो म्हणाला, आणि पाणी आलं तेव्हा सगळ्यांनी त्याचं पिणं श्वास रोखून पाहिलं.

निघताना चाप्पुण्णि नायर दारात भेटले. चेहरा चिंतेचा. “टीचर, यावेळी मला सगळी कळली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.” त्यांनी आवाज खाली आणला. “अच्युताचं काही चुकलं तर नाही ना?”

घराकडे जाताना दोघं शेतांमधल्या बांधावरून एकामागोमाग एक चालत होते. उन्हं अजून होती. पुढे तो, मागे ती. पाठीवरच्या त्या जुन्या डागांवर सदरा घामाने चिकटला होता.

“रागावलात?” तिने विचारलं.

“कशाबद्दल?”

“कर्ण्यावरून सांगितलं त्याबद्दल.”

“बरं झालं. आता मोइदूही विचारेल, आज घेतली का.” थोडं चालून तो थांबला, पण वळला नाही. “देवयानी, उभी राहिली की पडली? खरं सांग. त्या लोकांचं सोड. त्यांना मी वाण्याची यादी वाचून दाखवली असती तरी त्यांनी हेच केलं असतं.”

तिला कळत होतं की आता ‘उभी राहिली’ म्हटलं की काम झालं. एवढा एक शब्द टाकायचा आणि घरी जाऊन कंजी चढवायची. पण खोटं बोललं तर हा माणूस पाठमोराही ओळखतो, हेही तिला माहीत होतं.

“एक वाक्य खोटं आहे,” ती म्हणाली.

आता तो वळला. “कुठलं?”

“रिकामी बादली रडते ते. उलट आहे. रिकामी खाली जाताना कप्पी नुसती खडखडते. भार वाढला की आसावर घर्षण वाढतं. कुरकुरते ती भरलेली बादली वर येताना. मी रोज ओढते, मला माहीत आहे.”

“ते वाक्य...” अच्युतनने मान खाजवली. “ते सेतूसाठी घातलं होतं.”

“वाटलंच.”

“बाकी?”

“बाकी सगळं खरं आहे.” एवढं बोलून तिने पदर सारखा केला, कारण सवयीने हात फुंकर मारायला वर आला होता आणि आता ते त्याला दिसलं असतं.

अच्युतन बराच वेळ बांधावर उभा राहिला. मागून सायकल घेऊन येणाऱ्या माणसाला चिखलात उतरून पुढे जावं लागलं. “माझी आधीची एकही कथा चुकलेली नव्हती,” तो शेवटी म्हणाला. “आरसा रिकामा दिसला म्हटलं की दिसला. कोण तपासणार? ही चुकू शकते.”

“चुकलीय.”

“म्हणजे दुरुस्त करायला हवी.”

“हवीच.”

“उद्या सकाळी विहिरीवर बघतो. आधी रिकामी, मग भरलेली.” आणि तो भरभर चालायला लागला, जणू विहीर सकाळपर्यंत थांबणार नाही.

त्या संध्याकाळी कंजी झाल्यावर देवयानी मुद्दाम भांडी घासत बसली. पाठ त्याच्याकडे. फळीवरचं पाकीट वाजलेलं तिने ऐकलं. मग पेल्याचा आवाज. मग त्याने विचारलं, “पाणी संपलं का घरातलं?” तिने भांडं विसळलं आणि म्हणाली, “संपवलंत तुम्ही.”

सकाळी तो खरंच विहिरीवर गेला. ती शाळेला निघेपर्यंत बादली खाली-वर करत होता, कान कप्पीकडे लावून. “तुझंच बरोबर,” तो तिथून ओरडला, वर्गात पहिलं आलेल्या पोराच्या आनंदाने. वाक्य बदललं. बदललेलं वाक्य साधं होतं. सेतूला ते मुळीच आवडलं नाही, पण त्याने छापलं. खाली टीप घातली की हे वाक्य वाचकाला जाणीवपूर्वक निराश करतं.

अंक निघाल्यावर एका रविवारी सेतू आठ-दहा पोरांना घेऊन आला. त्यांना कप्पी ऐकायची होती. सगळे विहिरीभोवती उभे राहिले. दोघांनी डोळे मिटले. अच्युतनने बादली सोडली. ती खाली गेली, भरली, वर आली. कुठेही काही वाजलं नाही.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सेतू कितीतरी वेळ कप्पीकडे नजर लावून उभा होता.

“आवाजच काढून टाकलात,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग देवयानीकडे वळला. “टीचर, हे... हे कसं साधलं?”

“खोबरेल,” देवयानी म्हणाली. “काल घातलं त्यांनी. पाणी पिणार का सगळे?”